राज्य मोडायला किती मतं लागतात?

आपल्या राज्यघटनेत एक विचित्र हिशेब आहे. जीएसटी आणायला घटनादुरुस्ती लागली. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी, असं सगळं २०१६ साली करावं लागलं. सातव्या अनुसूचीतला एखादा विषय राज्यांच्या यादीतून उचलून केंद्राच्या यादीत टाकायचा असेल तरी हीच वाट. पण ज्या राज्यांची ती यादी, त्यातलं एखादं राज्यच कापायचं, दुसऱ्याला जोडायचं किंवा नकाशावरून पुसायचं असेल, तर अनुच्छेद ३ नुसार संसदेतलं साधं बहुमत पुरतं. ही घटनादुरुस्ती मानायची नाही, असं अनुच्छेद ४ वर बजावून ठेवतो. सेटिंगमधली एक ओळ बदलायला दोघा वरिष्ठांची मंजुरी हवी, पण अख्खा डेटाबेस पुसायला कुणाचीच नको, अशी रचना आमच्या धंद्यात कुणी मांडली तर पहिल्याच बैठकीत त्याची हजेरी घेतली जाईल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: राज्याला विचारतात की! विचारतात, हे खरं. राष्ट्रपती विधेयक संबंधित विधिमंडळाकडे मत कळवण्यासाठी पाठवतात आणि मुदत घालून देतात. मत काहीही आलं तरी ते बंधनकारक नाही, आणि नाहीच आलं तरी मुदत संपली की गाडी पुढे जाते. ही मुदतही मूळ घटनेत नव्हती. राज्य पुनर्रचनेच्या तोंडावर, १९५५ साली, पाचव्या घटनादुरुस्तीनं ती आली.

आणि लगेच पुढच्या वर्षी तिचा चटका आपल्यालाच बसला. राज्य पुनर्रचना विधेयकाच्या मूळ मसुद्यात मुंबई राज्याचे तीन भाग होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. विधिमंडळात चर्चा झाली ती या योजनेवर. संसदेनं मंजूर केलं ते भलतंच, एकच विशाल द्विभाषिक राज्य. ज्या योजनेवर विधिमंडळाला विचारलंच नव्हतं, ती कायदा झाली. बाबुलाल पराते खटल्यात नेमका हाच आक्षेप घेतला गेला. विधेयकात दुरुस्ती झाली म्हणून पुन्हा विचारण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली दिला. संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट आपण हुतात्मा चौकात सुरू करतो आणि १ मे १९६० ला मंगल कलशापाशी संपवतो. हा निकाल त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. सांगायला हवा, कारण हुतात्म्यांमुळे मिळालं ते राज्य, पण या निकालानं पक्का झालेला नियम अजून तसाच आहे.

तो कसा चालतो ते पाहा. नोव्हेंबर २०११ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेनं राज्याचे चार भाग करा, असा ठराव केला. काही झालं नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक आवाजी मतदानानं फेटाळलं. तीन आठवड्यांत लोकसभेनं ते मंजूर केलं, तेही थेट प्रक्षेपण बंद असताना. म्हणजे विधानसभेनं मागितलं तर मिळेलच असं नाही, आणि नको म्हटलं तरी टळत नाही.

संमतीचा खराखुरा हक्क देशात एकाच राज्याकडे होता. जम्मू-काश्मीरला लागू असलेल्या अनुच्छेद ३ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या संमतीची खास अट होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथली विधानसभा बरखास्त झाली, डिसेंबरात राष्ट्रपती राजवट आली आणि विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे गेले. मग ऑगस्ट २०१९ मध्ये ती अटही गेली, आणि विधिमंडळाच्या वतीनं मत द्यायला संसदच उभी राहिली. विचारणारी तीच, उत्तर देणारीही तीच. ३७० बद्दल तुमचं मत काहीही असो, या पद्धतीबद्दल ते वेगळं ठेवून विचार करा. ज्या दिवशी महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट असेल (१९८०, २०१४ आणि २०१९ साली ती होती), त्या दिवशी आपल्याबाबतही हे करता येणार नाही असं घटनेत कुठे लिहिलंय? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये लडाख वेगळा काढणं वैध ठरवलं. पण अख्ख्या राज्याला केंद्रशासित करता येतं का, हा मुख्य प्रश्न मोकळा सोडला. का, तर राज्याचा दर्जा परत देऊ, असं सरकारच्या वकिलांनी सांगितलं होतं. घटनेच्या प्रश्नाला तोंडी आश्वासनाचं ठिगळ.

विरोधी बाजूत एक दमदार मुद्दा आहे. संमती सक्तीची केली असती तर तेलंगणा झालाच नसता. आणि कर्नाटकाची संमती लागणार असेल तर बेळगावचं काय? तेलंगणाचं मान्य. म्हणून विभाजनाला सरसकट नकाराधिकार द्या, असं मी म्हणत नाही. पण बेळगावचा दाखला मात्र उलटा पडतो. संसदेकडे सत्तर वर्षं पूर्ण अधिकार आहे, कुणाचीही संमती लागत नाही, तरी सीमाभाग होता तिथेच आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. दिल्लीच्या हातातला मोकळा अधिकार आपल्यासाठी राखून ठेवलाय, हा भ्रम आहे.

राज्यं सार्वभौम नाहीत, हे न्यायालयानं पश्चिम बंगालच्या खटल्यात १९६२ साली सांगितलंच आहे (न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं, ते मुळातून वाचण्यासारखं आहे). सार्वभौमत्व कुणी मागतही नाही. जीएसटीला लागली तेवढी मंजुरी राज्याचा दर्जा काढतानाही लागावी, राष्ट्रपती राजवटीत या अधिकाराला हात लावू नये, आणि संसद जे मंजूर करणार आहे तेच विधेयक आधी विधानसभेपुढे यावं, एवढीच मागणी आहे.

लडाखमध्ये आज लोक राज्याचा दर्जा मागताहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये लेहच्या आंदोलनात चार जण मेले. ती मागणी मान्य व्हायची तर तीही याच अनुच्छेद ३ खाली होईल. मत विचारायला तिथे विधानसभाच नाही.