एका ओळीवर उभी असलेली फातिमा

10 ऑक्टोबर 1856 रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला भावाकडे राहिल्या होत्या. महार-मांगांना शिकवता म्हणून भावाने बोल लावले आणि आपण त्याला काय उत्तर दिले, हे त्या पत्रात सविस्तर कळवतात. त्याच पत्रात जाता जाता फातिमाचा उल्लेख येतो. आपण पुण्यात नसल्यामुळे कामाचा भार तिच्यावर पडला असणार याची सावित्रीबाईंना जाणीव आहे, आणि ती तक्रार करणार नाही याची खात्रीही आहे.

फातिमा शेख यांच्याबद्दल आज आपल्याकडे जे काही आहे, त्यातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. त्यात आडनाव नाही, पत्ता नाही, वय नाही. आजारी मैत्रिणीने काळजीपोटी लिहिलेली एक ओळ, एवढेच.

2025 च्या जानेवारीत एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख नावाची व्यक्ती कधी नव्हतीच, ते पात्र आपणच रचले होते. दोन दिवस आपले सगळे ग्रुप या एकाच विषयावर पेटले होते. काहींनी शिव्या दिल्या, काही गप्प बसले. या दाव्याला उत्तर मिळाले ते 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या पुस्तकातून. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 साली प्रसिद्ध केला. समाजमाध्यमे जन्मायच्या कितीतरी आधी हे पत्र त्यात छापलेले होते. कोणीतरी पत्र जपले, कोणीतरी ते छापले, म्हणून फातिमाला कोणी पुसून टाकू शकले नाही.

पण या वादात आपली बाजूही लंगडी पडली, हे मान्य करायला हवे. आपण काय काय फॉरवर्ड करत होतो ते आठवा. 9 जानेवारी 1831 ही जन्मतारीख कुठल्या मूळ कागदावरून आली, हे ती पाठवणारा कोणीच सांगत नाही. 2022 मध्ये त्याच तारखेला गुगलने डूडल केले आणि अनेकांना तोच पुरावा वाटू लागला. सावित्रीबाईंसोबत बसलेल्या स्त्रीचे जे छायाचित्र सगळीकडे फिरते, त्या फिरणाऱ्या प्रतीवर ना नाव आहे ना तारीख. त्यावरून चित्रे झाली, चित्रांवरून पोस्टर झाली, पोस्टरवरून डीपी झाले. प्रत्येक वेळी चेहरा अधिक रेखीव झाला आणि मूळ फोटो अधिक दूर गेला.

माझा चित्रकलेला विरोध नाही. चौकातल्या पोस्टरवर फातिमाचा चेहरा पाहून एखाद्या मुलीला कॉलेज सोडू नये असे वाटले, तर त्या चित्राने मोठेच काम केले. पण चित्र आणि पत्र यांची कामे वेगळी आहेत. चित्र आठवण जागी ठेवते, तर पत्र साक्ष देते. साक्षीदाराच्या जागी चित्र उभे केले, तर उलटतपासणीत ते टिकत नाही. म्हणून जेवढे माहीत आहे तेवढेच ठामपणे सांगावे. 1856 साली फुल्यांच्या कामात फातिमा नावाची स्त्री इतकी आतली होती, की तिच्यावर किती भार पडला असेल हे पत्रातून कळवावेसे वाटले. ही गोष्ट लहान नाही. तिला फुगवून सांगण्याची गरज नाही.

हीच गोष्ट आपल्या अलीकडच्या इतिहासालाही लागू आहे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची एक मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला 22 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे 51 वर्षांनी. सात हा आकडा आपल्याला पाठ आहे. त्या सातही जणींची नावे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? त्यांच्या घरी त्या दिवसाचे काही उरले असेल का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि तो कधी, कुठे काढला याची त्यातली नोंद गळून पडते. म्हणजे आपण रोज हजारो फोटो जपतोय असे वाटते, प्रत्यक्षात अनाथ फोटो तयार करतोय. पन्नास वर्षांनी कोणी विचारले, ही बाई कोण, तर उत्तर नसेल.

आपल्या घरात रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा हे सारे जिवापाड सांभाळले जाते. का, ते वेगळे सांगायला नको. हे कागद सरकारला दाखवण्यासाठी असतात. मात्र आपण कोण होतो हे आपल्याच मुलांना सांगणारे कागद रद्दीत जातात. दादीच्या शिक्षिकेच्या नोकरीचा आदेश, मोर्चाचे पत्रक, नानाने गिरणीतून लिहिलेली पत्रे. त्यातली बरीच उर्दूत असतात, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या नातवाला ती वाचता येत नाहीत, म्हणून ती आधी फेकली जातात.

तेव्हा या महिन्यात एवढे करा. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन नको, त्याची खूण पुढच्या बाजूला उमटते. जुन्या कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. स्कॅन करा आणि फाइलच्या नावातच माणसाचे नाव आणि साल घाला. उर्दू वाचणारे मोठे माणूस घरात आहे तोवर पत्रे त्यांच्याकडून वाचून घ्या आणि आवाज रेकॉर्ड करा. खात्री नसेल तिथे 'बहुधा' असे स्पष्ट लिहा. तो एक शब्द उद्याच्या संशोधकाचा विश्वास कमावेल.

ज्या भिडेवाड्यात 1848 साली मुलींची शाळा सुरू झाली, तो जीर्ण वाडा 2023 च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडला गेला. दगडमातीचा वाडा गेला, कागदावरची एक ओळ मात्र टिकली. आपल्या घरातही अशी एखादी ओळ असेल. रद्दीवाला येण्याआधी ती शोधा.