पाळीवर कोण?

रोह्याहून कोलाडकडे निघाले की धाटावची औद्योगिक वसाहत लागते. डोळ्यांआधी नाकाला कळते. धंदा मुख्यतः रसायनांचा, म्हणजे तापवणे, निववणे, वेगळे करणे. हे सगळे प्रत्यक्ष रिॲक्टरमध्ये करण्याआधी संगणकावर करून पाहता येते. पण त्या सॉफ्टवेअरचे परवाने मोठ्या कंपन्यांनाच झेपतात. लहान कारखानदार एक्सेल आणि जुन्याजाणत्या केमिस्टचा अंदाज यांवर भागवतो.

खरे तर त्याच्यासाठी डीडब्ल्यूसिम हे सॉफ्टवेअर केव्हाचे तयार आहे. ब्राझीलच्या डॅनियल मेडेइरोस यांनी लिहिलेले, फुकट आणि आतली सूत्रे उघडून पाहता येतील असे. पवईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ते आपल्याकडच्या महाविद्यालयांत नेले. त्यामागे रसायन अभियांत्रिकीचेच प्राध्यापक कण्णन मौद्गल्य होते. विद्यार्थी त्यात एखाद्या प्रक्रियेची फ्लोशीट, म्हणजे आराखडा, करतो, जाणकार ती तपासतात, पसंत पडली तर त्याला मानधन मिळते. व्यवस्था चोख आहे.

अडचण दुसरीकडे आहे. हे सॉफ्टवेअर मुळात विंडोजच्या मातीत उगवले. लिनक्सवर ते आले ‘मोनो’ या मध्यस्थाच्या खांद्यावर बसून. मोनोची सुरुवात 2001 सालची. पुढे तो नॉव्हेल, झामारिन, मायक्रोसॉफ्ट अशी घरे फिरत 2024 मध्ये वाईन प्रकल्पाकडे गेला. ज्या खांद्यावर बसायचे तोच असा बिऱ्हाडे बदलतो. मेडेइरोस यांनी शहाणपणाने पडद्यावरचा भाग वेगळा काढून लिनक्स आणि मॅकवरही चालेल असा नवा चेहरा दिला. आकडेमोड करणारे इंजिन मात्र तेच ठेवले.

तरी पोर्ट करण्याचे, म्हणजे एका प्रणालीवरून दुसरीवर नेण्याचे, काम संपत नाही, कारण त्यातली भांडणे फार क्षुल्लक असतात. विंडोजला फाइलच्या नावातले लहान-मोठे अक्षर सारखेच, लिनक्सला ती दोन वेगळी नावे. एकाची तिरपी रेघ डावीकडे झुकते, दुसऱ्याची उजवीकडे. ब्राझीलमध्ये दशांशाला स्वल्पविराम, आपल्याकडे टिंब. यातल्या एकाही गोष्टीला बुद्धी लागत नाही, पण दर नव्या आवृत्तीला कोणीतरी बसून पाहावे मात्र लागते.

इथेच आपली समजूत चुकते. एका शेडमधला पंप दुसऱ्या शेडमध्ये हलवला, पाया भरला, बोल्ट आवळले की काम झाले, तसेच पोर्ट करणे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हे बॉयलरसारखे आहे. पाळीवर माणूस लागतो. डेबियन या लिनक्स प्रणालीची, फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या गाभ्यावर बसवलेली आवृत्ती 2011 मध्ये मोठ्या उमेदीने अधिकृत यादीत आली आणि 2015 च्या आवृत्तीत यादीबाहेर गेली. तंत्र जमले होते, ते सांभाळणारे हात पुरले नाहीत.

आणखी एक सवय आपल्या हुशार मंडळींना असते. दोष सापडला की आपल्यापुरता दुरुस्त करायचा आणि गप्प बसायचे. मूळ लेखकाकडे दुरुस्ती पाठवली नाही, तर दर नव्या आवृत्तीला तीच डागडुजी पुन्हा. कोकणातल्या माणसाला दरवर्षीची शाकारणी समजावून सांगायला नको. पण एकच घर दहा जणांनी दहा वेळा शाकारायचे, हे काही शहाणपण नव्हे.

धाटावला सामाईक कामाचे वावडे नाही. एकेका कारखान्याला न परवडणारे सांडपाणी शुद्धीकरण सामाईक प्रकल्पात होते. तो प्रकल्प उभारून भागत नाही, रोज चालवावा लागतो, हे कुंडलिकाकाठच्या लोकांइतके कोणाला ठाऊक असणार? याच जिल्ह्यात लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे रसायन अभियांत्रिकी शिकवतात. कारखानदारांनी वर्गणी काढून दोन तरुण अभियंते नेमावेत. काम एवढेच: इथल्याच प्रक्रियांच्या वीसेक फ्लोशीट घ्यायच्या, दर नवी आवृत्ती विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालवायची, आकडे शेजारी मांडायचे, फरक दिसला तर मूळ लेखकाला नीट लिहून कळवायचे. त्यातला एक लोणेऱ्याचा विद्यार्थी असला तर उत्तमच; निदान नोकरी लागेपर्यंत तरी टिकेल.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला. लहान कारखान्यांच्या प्रयोगशाळांतले जुने संगणक नव्या विंडोजला चालत नाहीत, लिनक्सला चालतात. तेव्हा कोणीतरी लवकरच उबुंटू लिनक्सवर बेन्झीन-टोल्युइन वेगळे करणारा कॉलम चालवून पाहील. शिखरावरचा आकडा विंडोजवरच्यापेक्षा वेगळा आला, तर तो कागद घेऊन धाटावमध्ये त्याने कोणाच्या टेबलाशी जायचे?