नोकराचे खाते आणि पेढीची पत

तासगावच्या बेदाणा बाजारात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद राहतात, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. खरेदीदाराकडून अडत्यास आणि अडत्याकडून बागाईतदारास जे येणे असेल ते या मुदतीत चुकते व्हावे, व पुढचा सौदा कोऱ्या खात्यावर सुरू व्हावा, असा या बंदीचा हेतू आहे. बाजारात यास ‘झीरो पेमेंट’ म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी कल्पना वहीपूजनाइतकीच देशी आहे. देणे थकले की पत थकते आणि पत थकली की व्यापार थकतो, हे ज्या बाजारास इतके पटले आहे की त्यासाठी तो चालता धंदा थांबवितो, त्या बाजारास आज आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे. या कोऱ्या होणाऱ्या खात्यांत पेढीवरील नोकराचे खाते कोठे असते?

नोकर म्हणजे केवळ गादीवरचा मुनीम नव्हे. दुकानात कापड उलगडणारा पोऱ्या, शीतगृहात पेट्यांची थप्पी लावणारा मजूर, शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायका, हे सर्व याच वर्गात येतात. यांच्या तक्रारी मोर्चा निघण्याजोग्या नसतात, म्हणून त्या कानी येत नाहीत. पगार कमी, ही तक्रार तर आहेच. परंतु रोजच्या जाचाचे मूळ पुष्कळदा दुसरेच असते. पगार कोणत्या तारखेस मिळेल हे ठाऊक नसते. तो मागावा लागतो, आणि मागितला की ‘उद्या बघू’ असे उत्तर मिळते. उचल किती घेतली व किती फिटली याची नोंद धन्याच्या वहीत असते. ती नोकराच्या दृष्टीस पडत नाही. दुकान उघडण्याची वेळ ठरलेली असते, बंद होण्याची नसते. सुट्टी ही हक्काची नसून मेहेरबानीची असते. आणि एखादी चूक झाली, तर ती गिऱ्हाइकांदेखत उच्चारली जाते. किराण्याची उधारी, मुलाची फी, बचत गटाचा हप्ता ही त्याची देणी तारखेची. येणे मात्र दुसऱ्याच्या मर्जीचे. या दोहोंच्या मधल्या फटीत त्याचा महिना जातो.

उलट, नोकरीत समाधान नसतेच असे समजणे चूक होय. हिरवट, पिवळा व काळपट दाणा क्षणात वेगळा करणाऱ्या बाईस आपल्या नजरेचा अभिमान असतो. वर्षअखेर जमाखर्च पैशासही न चुकता जुळला की मुनिमास जे सुख होते ते पगाराच्या रकमेत मोजता येत नाही. ज्याच्या हाती दुकानाची किल्ली विश्वासाने दिली, तो माणूस ताठ चालतो. मनुष्य पोटासाठी काम पत्करतो, परंतु काम नीट करतो ते मानासाठी. हा मान राखणे धन्याच्या हाती आहे, आणि त्यास खर्च जवळजवळ नाही.

या मागण्या नव्या नाहीत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन केले, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या तासांस मर्यादा, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अशी मागणी होती. त्यांतील रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. अर्थात, राबणाऱ्या माणसाने प्रथम काय मागितले? तर ठरलेली वेळ आणि ठरलेला दिवस. आज सुमारे एकशेचाळीस वर्षांनी गिरण्यांची धुराडी विझली, तरी आमच्या लहान गावांतील कित्येक पेढ्यांवर ती यादी जशीच्या तशी लागू पडते!

कोणी म्हणेल, आमचेच येणे महिनोन्‌महिने अडकते, तर नोकरास वेळेवर कोठून द्यावे? अडचण खरी आहे. परंतु धन्यास बँक आहे, माल आहे, पत आहे. नोकरास यांतील काहीच नाही. त्याचा पगार महिनाभर लांबविणे म्हणजे त्याच्याकडून तितके दिवस बिनव्याजी कर्ज घेणे होय. बाजारातील सर्वांत गरीब सावकार गाठून त्याच्याकडून, तेही त्यास न विचारता, कर्ज काढावे, हे कोणत्या पेढीस शोभते? दुसरा कोणी म्हणेल, आमच्याकडे नोकर घरच्यासारखा असतो. कित्येक ठिकाणी हे अक्षरशः खरे आहे. नोकराच्या मुलीच्या लग्नास व घरच्या आजारपणास धावून जाणारे धनी आम्ही पाहिले आहेत. पण कामाच्या वेळी घरचा आणि सुट्टीच्या वेळी परका, असाही घरोबा असतो. उपकार कितीही मोठा असला, तरी तो हक्काची जागा घेऊ शकत नाही.

कायद्याने या बाबतीत थोडेफार केले आहे. हमाल व माथाडी यांजकरिता, पाटण तालुक्यातून मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे, १९६९ चा कायदा झाला. मजुरी मंडळाकडे भरावी व मंडळाने ती हमालास द्यावी, अशी सोय त्यात आहे. उलटपक्षी, दुकानांसंबंधीच्या २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी नोकरांची दुकाने बहुतेक बंधनांतून मोकळी केली, आणि आमची बहुतेक दुकाने तशीच आहेत. २०१९ च्या वेतन संहितेत मात्र मासिक पगार पुढील महिन्याचे सात दिवस उलटण्यापूर्वी द्यावा, आणि नोकरी सुटल्यास सारा हिशेब कामाच्या दोन दिवसांत पुरा करावा, असे कलम आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तथापि, वकिली बुद्धीने पाहिले तरी आम्हांस कायद्यावर सर्व भिस्त ठेववत नाही. ज्या नोकरास दुसरी नोकरी याच पेठेत शोधावयाची आहे, तो फिर्याद कोणाविरुद्ध करणार?

म्हणून जे कायदा करू शकत नाही ते बाजाराच्या रिवाजाने केले पाहिजे. शेजारच्या औंध संस्थानातील माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही वसविली. इतके करण्याचे सामर्थ्य प्रत्येकात नसेल, परंतु तीन गोष्टी सर्वांस साध्य आहेत. पगाराची तारीख ठरवून ती पाळावी. उचलीची नोंद नोकराच्या हाती असलेल्या पुस्तकातही करावी. आणि आठवड्याच्या सुट्टीचा वार दुकानाच्या पाटीवर लिहावा. शिवाय व्यापाऱ्यांच्या संघटनेने असा ठराव करावा की, दिवाळीपूर्वी जी खाती कोरी होतात त्यांत नोकरांचे खाते पहिले असेल.

३ सप्टेंबर १९४२ रोजी याच तासगावच्या कचेरीवर लोकांनी राष्ट्राचे निशाण चढविले. सरकारच्या कचेरीत स्वराज्य आणणाऱ्या गावास आपल्या दुकानाच्या गादीवर न्याय आणणे अवघड आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. येत्या दिवाळीत वही उघडताना आमच्या व्यापारी बंधूंनी नोकराचे पान प्रथम उघडावे, इतकीच आमची विनंती आहे.