‘या वयात सायन्स झेपणार नाही’ म्हणणारे आपणच

डेराबस्सीत मी एका औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करतो. चंदीगड-अंबाला रस्त्यावरचं हे गाव पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येतं. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने इथे भरपूर. वर्षभरापासून दर रविवारी माझ्या खोलीवर चार जण शिकायला येतात. चौघंही हेल्पर, तिशीच्या आसपासचे, दलित घरांतले, बारावी आर्ट्स झालेले. त्यांना बीएस्सी करायची आहे. कारण साधं आहे. केमिस्ट व्हायला विज्ञानाची पदवी लागते. ती नसेल तर वीस वर्षं ड्रम उचलले तरी माणूस हेल्परच राहतो.

त्यांच्यातल्या एकाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी काय म्हणालो? “बीए करून टाक. या वयात सायन्स झेपणार नाही.” मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. मला अकरावीत एका मास्तरांनी जवळपास हेच वाक्य ऐकवलं होतं. ते मी जसंच्या तसं पुढे दिलं.

कागदावर पाहिलं तर दार बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, वयाची वरची अट नाही. बारावी झालेला माणूस तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असे विषय वेगळे घेऊन परीक्षा देऊ शकतो. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. नीटच्या परीक्षेची वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये गेली. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी घेतलेल्यांनाही पात्र ठरवलं.

मग अडतं कुठे? दारापर्यंत जाणारा रस्ताच नाही. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, इग्नूनेही तसा काढला. त्यातून आपल्या कितीतरी आया-बहिणी पदवीधर झाल्या, हे मोठं काम आहे. पण ती वाट बीए-बीकॉमकडे जायची, बीएस्सीकडे नाही. प्रयोगशाळेला खर्च येतो हे मान्य. पण खर्च नेहमी आपल्याच माणसांच्या वाट्याचा का वाचवला जातो? पुस्तक मिळेल, बर्नर मिळणार नाही, अशी ही वाटणी आहे.

आणि झेपत नाही म्हणता? माझ्याकडे येणारा एक जण सहा वर्षं कागदाची पट्टी बुडवून पीएच बघतोय. लॉगरिदम म्हटल्यावर तो घाबरला. मग आम्ही दहाच्या पटीने मोजायला बसलो. पीएच सातवरून सहावर आला की आम्लता दहापट, पाचवर आला की शंभरपट. तासाभराने तोच म्हणाला, “म्हणजे सरजी, लॉग म्हणजे दहाच्या डोक्यावरचा आकडा!” ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक होतं. त्यामागची उष्णता समजावून सांगायला फक्त कुणीतरी हवं होतं.

हे काही नवीन नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते आर्ट्स आणि सायन्सचं, आणि नोकरी करणाऱ्यांना येता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. कामगाराने शिकावं आणि त्यात विज्ञानही असावं, हा विचार तेव्हाच झाला होता.

इथून दीड-दोन तासांवर रोपड आहे. तिथल्या सरकारी कॉलेजातून कांशीराम बीएस्सी झाले आणि पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत लागले. त्याच ठिकाणी दीनाभाना चतुर्थ श्रेणी कर्मचारी होते. आंबेडकर जयंतीच्या सुट्टीसाठी आधी भांडले ते दीनाभाना. कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि पुढचा इतिहास घडला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच प्रयोगशाळेत एक जण पदवी घेऊन आला, दुसरा पदवीशिवाय. हिंमत दोघांकडे होती, पदवी एकाकडेच.

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात जवळपास ३२ टक्के लोक अनुसूचित जातींचे आहेत, देशात सर्वांत जास्त. सरकारकडे मागणी सरळ आहे: कामगारांसाठी एक वर्षाचा विज्ञान पूर्वतयारी वर्ग, त्यांच्या भाषेत, आणि सरकारी कॉलेजांच्या प्रयोगशाळा रविवारी उघड्या.

पण सरकार जागं होईपर्यंत? तुम्ही बीएस्सी, बीफार्म, इंजिनिअर असाल तर तुमच्या कंपनीत, वस्तीत असा एक तरी माणूस आहे. त्याला बीएचा सल्ला देण्याआधी विचारा, तुला काय शिकायचंय? मग एक रविवार द्या.

माझ्या चौघांपैकी एकाने ओव्हरटाइम सुटत नाही म्हणून येणं थांबवलं आहे. त्याची वही माझ्याकडेच आहे. उरलेल्या तिघांची प्रॅक्टिकल तोंडावर आली आहे, आणि तिघांनीही अजून ब्युरेट हातात धरलेली नाही. ती कुठे मिळेल, हे मी सध्या शोधतो आहे.

जय भीम.