आजी नावाची फ्री सर्व्हिस

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या लहानपणी बरं होतं यार, एकत्र कुटुंब, मुलं कधी मोठी झाली कळायचंसुद्धा नाही!"

कोणाला कळायचं नाही? आम्ही हिंगोलीकडचे. तिकडे माय खुरपायला गेली की लेकरू एकतर बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. बहीण स्वतःच आठ-नऊ वर्षांची. शाळा तिचीच बुडायची. तिला चांगलंच कळायचं.

आता ती बहीण शाळेत जाते. झकास झालं. पण तिच्या जागी आलं कोण? अंगणवाडी म्हणाल, तर ती योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. पण तिथे बसायला मूल तीन वर्षांचं लागतं, त्याआधी घरी न्यायला आहाराचं पाकीट मिळतं. शिवाय अंगणवाडी दुपारीच सुटते, आणि सोयाबीनची काढणी चालते दिवस मावळेपर्यंत. सेविकाताईंना मिळतं ते 'मानधन', पगार नव्हे! म्हणजे लेकरं सांभाळणं हे काम नाही, असं सरकारचंही मत दिसतं.

राहता राहिली आजी. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं तिच्याच जिवावर गावात राहतात, नाहीतर आईबापांबरोबर फडावर जातात. आणि आपण पुण्यातले इंजिनिअर काय करतो? आपल्या वाट्याच्या आजीला ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये बसवून इकडे आणतो. सहा महिने आई, सहा महिने सासूबाई. शिफ्ट ड्युटीच की! तिचे गुडघे दुखतात, लिफ्टची भीती वाटते, दिवसभर बोलायला कोणी नसतं. तिकडे आबा एकटे भाकरी थापतात. पाळणाघराचं नाव काढलं की आपण म्हणतो, "घरचं माणूस ते घरचं माणूस." खरंय, आणि फुकटही आहे.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आपल्यापैकी किती जणांनी एचआरला विचारलंय, ते कुठंय म्हणून? अप्रेझलला तावातावाने भांडणारे आपण! शेतमजूर बाईला तर विचारायला एचआरही नाही.

अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची केंद्राची 'पालना' योजना २०२२ पासून आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती आधी ऊसतोडीच्या गावांत न्या, दिवेलागणीपर्यंत उघडी ठेवा. आणि तिथल्या ताईला पगार द्या.