मालाची किंमत आणि बिलाची किंमत

व्यापाऱ्याच्या घरी मुलाला हिशेब शिकवताना जुनी माणसे एक गोष्ट आधी सांगत असत. दुसऱ्याच्या गोदामात पडलेल्या मालाला भाव असतो. किंमत ठरते ती माल आपल्या दुकानात उतरल्यावर. मुंबईहून सांगलीला माल आणताना हा धडा जितका खरा होता, त्याहून तो समुद्रापलीकडून माल आणताना अधिक खरा आहे.

सांगलीतील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. तीन पिढ्यांचे लाकडी सामानाचे दुकान, मागे छोटा कारखाना, तेथे वर्षानुवर्षे काम करणारे चार सुतार. धाकट्या पिढीतील मुलगा इंडोनेशियातील जेपारा येथे जाऊन येतो. मध्य जावामधील हे गाव सागवानी कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील पलंग, कपाटे, खुर्च्या पाहून तो भारावतो. एका कंटेनरचा भाव २० लाख रुपये निघतो. ‘अण्णा, हाच माल आपल्याकडे ३० लाखांना सहज जाईल,’ असे तो वडिलांना सांगतो. वडील पाटीवर आकडे मांडायला बसतात. ते आकडे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा मांडून पाहावेत असे आहेत.

पहिला प्रश्न, हे २० लाख कोठपर्यंतचे? ‘एक्स वर्क्स’ भाव म्हणजे कारखान्याच्या दारातला भाव. तेथून बंदरापर्यंतचा खर्च खरेदीदाराचा. ‘एफओबी’ म्हणजे माल परदेशी बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव. सीमाशुल्क मात्र या दोहोंवर न लागता समुद्रभाडे व विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर लागते. तिला ‘सीआयएफ’ म्हणतात. भाड्याची व विम्याची कागदपत्रे जपून ठेवावीत, कारण २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबीच्या २० टक्के भाडे धरले जाते आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के विमा धरला जातो.

उदाहरणापुरते समुद्रभाडे २,५०,००० रुपये व विमा १०,००० रुपये धरला, तर सीआयएफ किंमत २२,६०,००० रुपये होते. फर्निचरवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आले. दर व उपकरांची रचना अर्थसंकल्पागणिक बदलू शकते, म्हणून मागणी नोंदवण्याच्या वेळचा दर क्लिअरिंग एजंटाकडून लेखी घ्यावा. येथे रीत समजण्यासाठी २५ टक्केच धरू. त्याचे ५,६५,००० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ५६,५०० रुपये. बेरीज २८,८१,५०० रुपये. या संपूर्ण बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ५,१८,६७० रुपये. म्हणजे कर मूळ भावावर नव्हे, तर भाडे, विमा आणि आधीच्या शुल्कावरही चढतो.

आयजीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढे वजावटीत मिळतो, म्हणून तो किमतीत धरायचा नाही; कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला मात्र तो मिळत नाही. बंदरावरील हाताळणी, एजंटाची फी आणि न्हावा शेव्याहून सांगलीपर्यंतचे ट्रकभाडे यांचे १,२०,००० रुपये धरले, तर माल दुकानात ३०,०१,५०० रुपयांना पडतो. ज्या ३० लाखांत मुलगा नफा पाहत होता, ती मुद्दलच निघाली. शिवाय आयजीएसटी धरून सुमारे ३५ लाख रुपये आधी घालावे लागतात. माल विकायला चार महिने लागले, तर दरसाल दरशेकडा १० प्रमाणे व्याजाचेच १,१७,००० रुपये होतात. वाटेत तुटलेला पाय आणि तडकलेला आरसा यांचा हिशेब यात अजून आलेलाच नाही.

हा हिशेब पाहून मुलगा गप्प होतो, पण परदेशी विक्रेता गप्प बसत नाही. त्याचा निरोप येतो की बिल १० लाखांचे करून देतो, उरलेले १० लाख ‘दुसऱ्या मार्गाने’ पाठवा. सगळेच असे करतात, असेही तो वर ऐकवतो. खरा प्रसंग येथे उभा राहतो. तो धर्माचा आहेच. परंतु आधी तो व्यवहाराच्याच तराजूत तोलून पाहावा.

बिलात १० लाख कमी दाखवले, तर सीमाशुल्क व अधिभार मिळून २७.५ टक्के, म्हणजे २,७५,००० रुपये वाचतात. आयजीएसटी कमी भरला तरी ती बचत नव्हे, कारण भरला असता तर वजावट मिळालीच असती. आता दुसरी बाजू. जे १० लाख वहीबाहेर गेले, ते खरेदीत दाखवता येत नाहीत. माल खऱ्या भावाने विकला की वहीत १० लाखांचा खोटा नफा उभा राहतो आणि भागीदारी पेढीला त्यावर ३० टक्के दराने ३,००,००० रुपये प्राप्तिकर बसतो. म्हणजे चोरीने २,७५,००० वाचले आणि ३,००,००० गेले. हे टाळायचे तर विक्रीही वहीबाहेर करावी लागते, मग तिच्यावरील जीएसटी बुडवावा लागतो, मग गिऱ्हाइकाला बिल नाकारावे लागते. एक खोटे झाकायला चार खोटी लागतात, ती अशी.

पकडले गेल्यास होणारे नुकसान वेगळेच. जाहीर केलेली किंमत संशयास्पद वाटली तर सीमाशुल्क अधिकारी ती नाकारू शकतात आणि त्याच सुमारास आलेल्या तशाच मालाच्या किमतीशी तुलना करतात. लबाडी सिद्ध झाल्यास पाच वर्षे मागे जाऊन शुल्क मागता येते, त्यावर व्याज लागते, बुडवलेल्या शुल्काइतका दंड होऊ शकतो आणि माल जप्तीस पात्र ठरतो. हवालामार्गे गेलेल्या रकमेवर परकीय चलन कायद्याखाली तिच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बँकेमार्फत परदेशी गेलेली रक्कम आणि सीमाशुल्काकडे नोंदलेले बिल ऑफ एंट्री यांची आज संगणकावर जुळवणी होते. विसंगती फार काळ लपत नाही.

आता धर्माचा तराजू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे नियम ओलांडून देवघेव करणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. शतकांपूर्वीच्या आचार्यांना श्रावक म्हणजे प्रामुख्याने व्यापारी, हे पक्के ठाऊक होते. म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरण्याएवढीच चोरी त्यांनी मर्यादित ठेवली नाही. जकातनाका चुकवणारी गाडीही त्यांनी तिच्यात मोजली. अर्ध्या किमतीचे बिल ही त्याच गाडीची आजची आवृत्ती आहे.

खर्च कमी करण्याचा सरळ मार्ग नाही, असे मात्र नाही. भारत व आसियान देशांमधील माल व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आहे. इंडोनेशिया, मलेशिया, व्हिएतनाम हे त्यातील देश. करारात बसणाऱ्या मालावर शुल्कसवलत मिळते. त्यासाठी त्या देशाच्या अधिकृत यंत्रणेने दिलेले ‘फॉर्म एआय’ हे उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते. सर्वसाधारण नियम असा की मालात किमान ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशातील असावे आणि प्रक्रियेमुळे त्याचे शुल्कवर्गीकरण बदललेले असावे. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार निव्वळ प्रमाणपत्र पुरत नाही. माल तेथे कसा बनला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी लागते आणि ती पाच वर्षे जपावी लागते. या सवलतीसाठी कष्ट आहेत, पण रात्रीची झोप शाबूत राहते.

मालापूर्वी कागद तयार हवेत. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी क्रमांक, बंदरावर नोंदलेला बँकेचा एडी कोड, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग व विमापत्र हे किमान. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागू शकतो. कंटेनर अडकून पडला तर जहाज कंपनीचे व गोदामाचे भाडे वेगळे. जुने, वापरलेले फर्निचर व्यापारासाठी आणणे निर्बंधित आहे. त्यास आधी परवानगी लागते.

दोन अटी तर आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वीच पाहाव्यात. पहिली गुणवत्तेची. केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२५ रोजी फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. कामाच्या खुर्च्या, साध्या खुर्च्या व स्टुले, टेबले, कपाटे, पलंग आणि दुमजली पलंग हे त्याचे विषय. भारतीय मानक ब्युरोचा परवाना परदेशातील कारखान्याने घ्यायचा असतो. आयातदाराला तो त्याच्यासाठी मिळवता येत नाही. म्हणून आदेशाची त्या वेळची स्थिती आणि कारखान्याचा परवाना, दोन्ही तपासावीत. दुसरी अट लाकडाची. शिसवाच्या कुळातील, म्हणजे डालबर्जिया वर्गातील, झाडे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. त्यांच्या मालाला निर्यातदार देशाची परवानगी लागू शकते. कोणते लाकूड, हे बिलावर शास्त्रीय नावासह लिहून घ्यावे. श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत वनकर्म येते. तयार पलंग विकणे त्यात मोडते का, हा प्रश्न मुनिमहाराजांना विचारावा. परंतु लाकूड कोणत्या वनातून आले, हे विचारणे श्रावकाचे स्वतःचे काम आहे.

आवेष्टनाची गोष्ट लहान वाटते, पण आपल्या समाजाला ती जवळची आहे. कच्च्या लाकडाच्या पेट्या व पॅलेट यांवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार कीडनाशाचा शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवतात किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी देतात. शिक्का नसेल तर माल बंदरात अडतो आणि धुरीचा खर्चही अंगावर येतो. संपूर्णपणे प्लायवुडच्या पेट्यांना मात्र या नियमातून सूट आहे, आणि पुठ्ठ्याला तर तो लागूच नाही. मागणी नोंदवताना तसे आवेष्टन मागितले, तर खर्च, विलंब आणि जीवहिंसा तिन्ही टळतात.

पाटीवरचा हिशेब येथे संपतो. वडील मुलाला नाही म्हणत नाहीत. कंटेनरमध्ये भाडे जागेचे लागते, वजनाचे नाही, हे ते त्याला दाखवतात. न उकलणारे पलंग व कपाटे म्हणजे अर्धी हवा विकत आणणे. ती आपले चार सुतार सांगलीत करतील. सुटे भाग होऊन येणाऱ्या, आपल्याकडे न बनणाऱ्या कोरीव खुर्च्या व टेबले तेवढी मागवावीत. विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी जातात: मानक ब्युरोचा परवाना आहे का, फॉर्म एआय मिळेल का, आणि बिल पूर्ण किमतीचे कराल ना? तिन्हींची उत्तरे हाती येईपर्यंत बँकेला आगाऊ रकमेची सूचना द्यायची नाही, असे ठरते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर पहिल्या दोहोंची वाट पाहण्याचेही कारण उरणार नाही.