फटफटीवाल्यांचा संघ आणि आमचीं मुलें



तळेगांवाहून चाकणकडे जाणारा रस्ता इंद्रायणीच्या कांठच्या इंदुरी गांवाजवळून जातो. सुटीच्या दिवशीं पहांटे ह्या रस्त्यानें मोटारसायकलींची लांबच लांब रांग जातांना आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. आमच्या वडिलांच्या पिढीनें ह्या वाहनास त्याच्या आवाजावरून ‘फटफटी’ असें नांव दिलें होतें, आणि तें इतकें चपखल आहे कीं, खेड्यापाड्यांत तें अजूनहि ऐकूं येतें. ही स्वारमंडळी कोण, ती कोठें जाते, आणि एवढें पेट्रोल जाळून तिला मिळतें तरी काय, असा प्रश्न वडील माणसांच्या मनांत येतो. आणि ह्या रांगेंत आपल्याला कधीं शिरावयास मिळेल, असा दुसराच प्रश्न त्याच घरांतील दहावीच्या मुलाच्या मनांत येतो. एकाच आवाजानें बापाच्या कपाळास आंठी पडते व मुलाचे डोळे चमकतात. अशा वेळीं दोघांच्या मध्यें उभें राहून कांहीं बोलावें, हें शिक्षकाचें कर्तव्यच होय.

एका पालकसभेंत एका मातोश्रींनीं आम्हांस स्पष्टच विचारलें, “सर, मुलगा म्हणतो, अठरा पूर्ण झालीं कीं मी रायडिंग क्लबांत नांव घालणार. तुम्हीच सांगा, घालूं द्यावें कां?” त्या दिवशीं ‘विचार करून सांगतों’ एवढेंच उत्तर आम्हीं दिलें. विचार करण्यास बरेच महिने लागले. तें उत्तर आज ह्या लेखाच्या रूपानें देत आहों.

प्रथम त्या माउलीच्या भीतीविषयीं. ती भीति खोटी आहे असें कोणी म्हणूं नये. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत आपल्या देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४.५ माणसें दुचाकीवरचीं होतीं. मोटारींत बसणाऱ्याच्या चारहि बाजूंस पत्रा असतो. दुचाकीवर बसणाऱ्याचीं चिलखतें दोनच, डोक्यावरचें हेल्मेट आणि डोक्यांतील विवेक. पुष्कळ तरुण पहिलें आरशाला टांगतात आणि दुसरा घरीं ठेवून निघतात.

परंतु येथें एक भेद करावयास पाहिजे. ही भीति वाहनाची आहे, संघाची नाहीं. वाहन तर कोणत्याहि संघाची वाट न पाहतां घरोघरीं येऊन उभें राहिलें आहे. आपल्याच शेजारीं चाकण येथें बजाज कंपनीच्या कारखान्यांतून मोटारसायकली बाहेर पडतात, आणि त्या कारखान्यांत राबणारे कित्येक पालक ह्या शाळेचे हितचिंतक आहेत. तेव्हां मुलगा मोटारसायकल चालवील कीं नाहीं, हा प्रश्न आतां फारसा उरलेला नाहीं. तो कोणाच्या संगतींत चालवील, कोणाचें पाहून चालवील, आणि कोणाच्या धाकांत चालवील, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाकडे आमचें लक्ष ज्यानें वेधलें, तो आमचा एक माजी विद्यार्थी. शाळेंत असतांना तो शेवटच्या बांकावर बसे, आणि परीक्षेच्या यादींतहि त्याचें नांव बहुधा शेवटींच सांपडे. ‘असा शेवटीं राहूं नकोस’ हें वाक्य आम्हीं त्याला किती वेळां ऐकविलें असेल, त्याची गणती नाहीं. एका सुटीच्या सकाळीं इंदुरीच्या रस्त्यावरील चहाच्या टपरीपाशीं तो अकस्मात् भेटला. त्याच्या संघाचे पंधरा-सोळा स्वार तेथें थांबले होते. त्यानें वांकून नमस्कार केला आणि हांसत म्हटलें, “सर, मी अजून शेवटींच असतों, पण आतां ती जागा मिळवावी लागते.”

त्याच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस त्या टपरीवर चहा घेतां घेतां कळला. संघ निघतो तेव्हां सर्वांच्या पुढें एक अनुभवी स्वार असतो. तो वाट दाखवितो व वेग ठरवितो. त्याच्या लगेच मागें नवखे व हळू चालविणारे असतात, आणि जाणते त्यांच्या मागें. सर्वांत शेवटीं जो असतो, त्याच्यापाशीं हत्यारांची पिशवी, पंक्चर काढण्याचें सामान, जादा केबल व प्रथमोपचाराची पेटी असते. वाटेंत कोणाची गाडी बंद पडली, तर पुढचे पुढें जाऊन ठरलेल्या ठिकाणीं थांबतात. शेवटचा मात्र त्या बंद गाडीपाशीं उभा राहतो. त्यानें कोणालाहि मागें टाकून जावयाचें नाहीं, हा नियम आहे. म्हणून ही जागा सर्वांत भरंवशाच्या माणसास देतात. आमच्या यादींतील शेवटचा मुलगा ह्या यादींत शेवटचा कां, हें ऐकून आमच्या हातांतील चहा निवून गेला. जी गोष्ट आम्ही उणीव म्हणून मोजीत होतों, तीच येथें विश्वासाची खूण झाली होती.

त्या संघाचे आणखीहि नियम आहेत. एका रेषेंत न चालतां एक डावीकडे, दुसरा थोडा मागें उजवीकडे, असें आळीपाळीनें चालावयाचें, म्हणजे प्रत्येकास पुढचें दिसतें व ब्रेक लावण्यास अंतर राहतें. खड्डा आला तर पायानें दाखवावयाचा, थांबावयाचें असेल तर हात वर करावयाचा, आणि मागच्याचा दिवा आरशांत दिसेनासा झाला तर आपण वेग कमी करावयाचा. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मोटारसायकलींस मज्जाव असल्यामुळें ही मंडळी वडगांव, कामशेत, कार्लें अशी जुन्या रस्त्यानें लोणावळ्यास जातात, किंवा पवनेच्या धरणाकडे वळतात. कोठें मिसळ खातात, कोठें डोंगर पाहत बसतात, आणि दुपारच्या आंत घरीं येतात. त्यांत एक फिटर आहे, एक बँकेंतील कारकून, एक डॉक्टर, आणि एकाचें किराणा मालाचें दुकान आहे. कोणाचें आडनांव काय व कोणाचा देव कोणता, हें विचारण्याची तेथें कोणास सवड नसते. सर्व एकमेकांस ‘दादा’ नाहीं तर ‘भावा’ म्हणतात. डॉक्टराच्या गाडीची केबल फिटर बसवितो, आणि फिटरच्या आईस दवाखान्यांत नेण्यास डॉक्टर रात्रीं धांवतो.

हें सर्व ऐकतांना आम्हांस आपल्या मुलुखांतील एक जुनी गोष्ट आठवली. इंदुरीहून देहू थोड्याच अंतरावर आहे. तेथून आषाढीस पंढरपुरास निघणाऱ्या पालखीबरोबर ज्या दिंड्या चालतात, त्यांत पुढें पताकावाले, मग टाळकरी, मध्यें वीणेकरी, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, असा क्रम ठरलेला असतो. कोणी एकटा पुढें पळाला म्हणून त्याची कोणी वाहवा करीत नाहीं. सर्वांनीं मिळून पोंचावयाचें असतें, आणि म्हातारा वारकरी ज्या चालीनें चालतो ती दिंडीची चाल होते. पेट्रोलावर चालणाऱ्या मंडळींस हा धडा कोणीं शिकविला, तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु तो ह्याच मातींतला आहे, एवढें खरें.

विलायतेंतील एक उदाहरणहि येथें सांगण्याजोगें आहे. लंडनच्या हॅक्नी विक ह्या गरीब वस्तींत १९५९ सालीं रेव्हरंड जॉन ओट्स ह्यांनीं तरुणांसाठीं ‘फिफ्टी-नाइन क्लब’ काढला. त्या काळीं चामड्याचीं जाकिटें घालून भरधांव फिरणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोरांविषयीं तेथील समाजांत मोठा तिटकारा होता. १९६२ सालीं रेव्हरंड बिल शेरगोल्ड, जे स्वतः मोटारसायकल चालवीत, ते ह्या मुलांच्या नेहमींच्या अड्ड्यावर, ‘एस कॅफे’ नांवाच्या उपाहारगृहांत, स्वतः गेले, आणि त्यांस त्यांच्या गाड्यांसह उपासनेस बोलाविलें. मुलें आलीं, आणि त्या क्लबाची मोटारसायकल शाखा पुढें जगभर नांवाजली गेली. शेरगोल्डसाहेबांनीं मुलांच्या किल्ल्या हिसकावून घेतल्या नाहींत. ते मुलांमध्यें जाऊन बसले. पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं ह्यांतून घ्यावयाचें तें घ्यावें.

इतकें म्हटल्यावर संघांच्या दोषांवर पांघरूण घालणें हा अप्रामाणिकपणा होईल. कित्येक मंडळी सायलेन्सर बदलून असा आवाज काढतात कीं, पाळण्यांतलें मूल दचकून उठावें. कित्येकांस रस्ता म्हणजे नाटकगृह वाटतें, आणि मोबाइलवर चित्रफीत टाकण्यासाठीं ते घाटाच्या वळणावर जिवाशीं खेळतात. परंतु ह्याहूनहि सूक्ष्म असा एक दोष आहे. आपल्या सोबत्यासाठीं चार तास थांबणारी मंडळी वाटेंत पडलेल्या परक्या माणसापाशीं चार मिनिटें थांबते काय? थांबत नसेल, तर तिचें तें सख्य केवळ वाढलेला स्वार्थ होय. एकट्याचा स्वार्थ पंधरांचा झाला, इतकेंच.

ह्या बाबतींत कायद्यानेंहि आतां कोणास सबब ठेविलेली नाहीं. अपघातांत सांपडलेल्यास मदत करणाऱ्याचें रक्षण करणाऱ्या सूचनांस सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं कायद्याचें बळ दिलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घातलें गेलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर खटला होत नाहीं, व त्याच्यावर आपलें नांव सांगण्याची सक्तिहि नाहीं. अशा मदत करणाऱ्यास इंग्रजींत जें नांव आहे, तें यरीहोच्या वाटेवर थांबलेल्या त्या शोमरोनी मनुष्यावरूनच पडलें आहे. तोहि वाहनावरच बसलेला होता. फरक एवढाच कीं, तो खालीं उतरला.

आणि इंदुरीकरांस दुःखानें स्मरावी लागणारी ती गोष्ट. १५ जून २०२५, रविवार. कुंडमळ्यास इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनें कोसळला. चौघे मृत्यु पावले व पन्नासांहून अधिक जखमी झाले. पूल धोक्याचा झाला होता, तसा फलकहि तेथें होता; तरी लोक गेले, आणि कित्येकांनीं दुचाकीसुद्धां त्यावर घातल्या. मेलेल्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि तो पूल वेळेवर कां बदलला नाहीं, हें विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे. परंतु आमच्या मुलांस आम्ही एवढें सांगूं इच्छितों: गर्दी म्हणजे संघ नव्हे. गर्दींत प्रत्येकजण पुढच्याचें पाहून पाऊल टाकतो. संघांत मात्र ‘येथें थांबा’ म्हणून हात वर करणारा कोणी तरी असतो. तो हात वर करण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं आलें, त्यालाच आम्ही खरा स्वार म्हणूं.

मुलींविषयीं एक शब्द. हा सर्व विषय मुलांचाच आहे, असें कोणी समजूं नये. २०११ सालीं आपल्या पुण्यांतच ‘द बाइकर्नी’ ही केवळ स्त्रियांची मोटारसायकल संघटना स्थापन झाली, आणि तिच्या सभासद आतां देशभर आहेत. जें मुलास लागू, तें मुलीसहि लागू. भीतीहि तितकीच, परवानगीहि तितकीच.

आतां त्या मातोश्रींस आमचें उत्तर. बाई, मुलाच्या हातीं आज किल्ली देऊं नका. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाहीं. अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ पासून कलम १९९-अ प्रमाणें पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. तोंपर्यंत त्यानें सायकल चालवावी, तिचें पंक्चर स्वतः काढावें, आणि मित्राची चेन निसटली तर थांबावें. संघाची तयारी येथूनच होते.

अठरा पूर्ण झाल्यावर मात्र नकार देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. तुमच्या संघांत हेल्मेटावांचून कोणी येऊं शकतो काय? सर्वांत हळू चालविणारा कोठें असतो? आणि वाटेंत परका माणूस पडलेला दिसला, तर तुमचा संघ काय करतो? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर मुलास खुशाल जाऊं द्या. न आलीं, तर त्याला सांगा कीं, हा संघ नव्हे, दुसरा शोध.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढें धांवणारा कोण, हें जग लगेच पाहतें. त्या सकाळीं चहा संपल्यावर रांग चाकणच्या दिशेनें निघून गेली. आमचा माजी विद्यार्थी सर्वांच्या गाड्या सुरू होईपर्यंत टपरीपाशीं उभा राहिला, एका नवख्या पोराच्या हेल्मेटाचा पट्टा त्यानें नीट बसविला, आणि मग सर्वांच्या मागून निघाला. वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही पाहत उभे होतों. ‘शेवटीं राहूं नकोस’ असें आम्ही आतां कोणत्याहि मुलास म्हणत नाहीं. तूं कोणासाठीं मागें राहिलास, एवढेंच विचारतों.